उरलेले २० टक्के

प्लास्टिकची लिटरची बाटली मधोमध कापून केलेला पेला, त्यात भातसा कालव्याचं पाणी, आणि बांधावर उकिडवे बसलेले आम्ही दोघं. काकांनी हातमोजा चढवला, पुडीचं तोंड जरासं वाकडं केलं, पाच-सहा दाणे पेल्यात सोडले आणि म्हणाले, "आता बघा."

दाणे बदामी रंगाचे, मोहरीहून बारीक. पाण्यावर पडले ते क्षणभरही तरंगले नाहीत, थेट बुडायला लागले. पण तळाला दाणा म्हणून पोचला एकही नाही. खाली जाता जाता प्रत्येकाच्या मागे धुराची बारीक शेपटी निघाली. शेपटी फुगली, वळली, उदबत्तीच्या धुरासारखी तिची वलयं झाली, आणि तळ येईपर्यंत दाण्याच्या जागी नुसता ढग उरला. काकांनी तुरीची काटकी एकदा फिरवली. पेलाभर पाणी पातळ ताकासारखं झालं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"इरला," काका म्हणाले.

मी मान डोलावली. खरं तर तो विरला नव्हता. मीठ विरतं, साखर विरते. त्यांचे रेणू सुटे होऊन पाण्यात हरवतात, आणि पाणी स्वच्छच दिसतं. पुडीवर लिहिलं होतं गंधक ८० टक्के, डब्ल्यूडीजी, म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे. गंधक पाण्यात विरघळत नाही, कितीही ढवळा. पेल्यात झालं होतं ते वेगळंच. एका दाण्याचे कोट्यवधी तुकडे झाले होते, प्रत्येक तुकडा शाबूत घन होता, आणि त्यातला एकही दुसऱ्याला चिकटायला तयार नव्हता. दुधासारखा पांढरेपणा आला तो म्हणूनच. कण उजेड इकडेतिकडे उधळत होते.

काकांच्या शेतात भेंडी होती. शहापूर-मुरबाडची भेंडी वाशीच्या बाजारात जाते, तिथून आखातात आणि युरोपातही जाते. भात निघालं की कालव्याच्या, विहिरीच्या, बोअरच्या पाण्यावर थंडीत भेंडी लागते, आणि जानेवारीच्या सुमारास पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसायला लागते. भुरीवर गंधक हा माणसाला माहीत असलेला फार जुना इलाज आहे. पुडीवरचं 'गंधक ८०' सगळ्यांना ठाऊक असतं. मला कुतूहल होतं ते उरलेल्या २० चं. ८० टक्के औषध आहे, मग २० टक्के काय आहे, आणि त्याचे पैसे आपण का देतो?

आधी गंधकाचा स्वभाव बघू. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी साधी गंधकाची पूड वाटीभर पाण्यावर भुरभुरवा. गंधक पाण्याच्या दुपटीहून थोडं जडच, तरी पूड वर तरंगत राहते. बोटाने खाली दाबली तर हवेचा चंदेरी फुगा पांघरून गुठळीच्या गुठळी खाली जाते, आणि फोडली तर आत कोरडी ठणठणीत. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा मोत्यासारखा घरंगळतो, पानाला अंग लावत नाही, तसाच हा प्रकार. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ इतकी, की परक्याला मिठी मारण्यापेक्षा ते आपलं आपलं गोळा होतात. यालाच पृष्ठताण म्हणतात. पिठल्याच्या आधणात बेसन एकदम टाकलं की होणाऱ्या गुठळ्या आठवा. बाहेरचा थर भिजून चिकट होतो, आत पाणी शिरायची वाट बंद होते, आणि आई म्हणते, आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं होतंस.

पृष्ठताणाचा अभ्यास स्वयंपाकघरातूनच मोठा झाला, हे मला फार आवडतं. जर्मनीतल्या ब्रुन्सविक गावची आग्नेस पोकेल्स भांडी घासता घासता पाण्यावर तेलकट डाग काय करतो ते बघत बसायची. कॉलेजात जाता आलं नव्हतं. तिने घरच्या घरी एक पन्हळ बनवली, मोजमापं घेतली आणि ती लॉर्ड रेले या शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. रेले यांनी ते पत्र १८९१ साली 'नेचर' साप्ताहिकात छापून आणलं.

तर २० टक्क्यांतला पहिला मानकरी म्हणजे पाण्याची ही आढ्यता मोडणारा पदार्थ. भिजवणारा. साबणाच्या कुळातलाच, एक टोक पाण्याकडे, दुसरं गंधकाकडे. हा दोन-तीन टक्केच असतो, पण तो नसता तर काकांच्या पेल्यात दाणे पाण्यावर नाचत बसले असते.

भिजलं म्हणजे काम झालं असं नाही. भिजलेला दगडसुद्धा तळालाच बसतो. कण पाण्यात किती वेळ अधांतरी राहील याचा हिशेब जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडला. त्यातली मेख अशी की बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो. व्यास दहापट, तर वेग शंभरपट. आपल्याकडच्या कोमट पाण्यात गंधकाचा २ मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम १ सेंटिमीटर खाली सरकतो. २० मायक्रॉनचा कण तासाला १ मीटर. आणि ७५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, पाठीवरच्या पंपाची ४० सेंटिमीटर उंची पावणेदोन मिनिटांत उतरून तळ गाठतो. एक पंप मारून संपायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पंप पाणी खालून खेचतो. म्हणजे कण जाड असतील तर पहिल्या सरींना गडद औषध, शेवटच्या सरींना नुसतं पाणी. पहिल्या सरीतली पानं करपतात, शेवटच्या सरीतली भुरी तशीच राहते, आणि शेतकरी म्हणतो औषधात दम नाही.

म्हणून गंधक दळावं लागतं. किती बारीक, ते एकदा मांडून बघितलं आणि मीच चाट पडलो. २ मायक्रॉनचे कण धरले तर १ ग्रॅम गंधकाचे सुमारे ११,५०० कोटी कण होतात. १ मिलीमीटरच्या एका बदामी दाण्यात साधारण सात कोटी. काकांच्या १६ लिटरच्या पंपात ३२ ग्रॅम औषध जातं. त्यातल्या सगळ्या कणांचं पृष्ठ उलगडून जमिनीवर पसरलं तर सुमारे ४०० चौरस फूट भरेल. आसनगाव स्टेशनजवळ नव्या इमारतींच्या पाट्या लागल्यात, त्यातला एखादा वन-आरके याहून फार मोठा नसेल. मूठभर दाण्यांत एवढी जागा घडी घालून ठेवलेली असते.

मग दळलेली पूड तशीच का विकत नाहीत? विकायचे, अजूनही विकतात. पाण्यात मिसळणारी भुकटी. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना तिचा एक नमुना चांगला आठवतो. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि डीडीटीवाले गावोगाव फिरू लागले. बादलीत ५० टक्क्यांची डीडीटी भुकटी कालवायची, पायाने दाबून धरायचा पंप बादलीत उभा करायचा, आणि कुडाच्या भिंतींवर पांढरे पट्टे ओढत जायचे. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्युलरने १९३९ मध्ये ओळखले, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण पाड्यावरच्या आठवणीत शिल्लक आहेत ते भिंतीवरचे पट्टे आणि भुकटी कालवणाऱ्याच्या भुवयांवर बसलेला पांढरा थर. तो थर त्याच्या छातीतही जात होता. भुकटी जितकी बारीक तितकी ती पाण्यात चांगली राहते, आणि तितकीच ती वाऱ्यावर उडते. पानाला जे हवं, तेच फुफ्फुसाला नको असतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली, तेव्हा औषध अंगावर, नाकातोंडात जाणं म्हणजे काय हे साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचलं. त्यामागे कारणं अनेक होती, एकट्या भुकटीवर ते ढकलता येणार नाही. पण पुडी फोडताना उडणारी धूळ हे एक संकट तरी माणसाच्या हातात होतं, आणि ते टाळायची युक्ती साधी वाटते: धुळीचे दाणे वळा.

वाटते साधी. आता त्या दाण्याकडून काय काय अपेक्षा आहे बघा. कारखान्यातून निघून गोदाम, ट्रक, मुरबाड रस्त्यावरचे खड्डे, कृषी सेवा केंद्राची फळी, मोटारसायकलची डिकी एवढा प्रवास करून तो फुटता कामा नये, नाही तर पुन्हा धूळच. आणि पाणी लागताच मिनिटाच्या आत तो असा फुटला पाहिजे की दळताना होते तेच दोन मायक्रॉनचे कण परत मिळावेत. निम्मे फुटले, निम्मे दोन-दोन चार-चार चिकटून राहिले, असं चालत नाही. कोरड्यात दगड, ओल्यात धूर. मोडण्यासाठीच घडवायचं आणि वेळेआधी मोडू द्यायचं नाही. माणसाने बनवलेल्या वस्तू बहुतेक टिकाव्यात म्हणून बनवलेल्या असतात; ही एक त्यातून वेगळी निघाली.

दाणे वळायच्या रीती आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत. एक शेवेची. दळलेलं औषध आणि उरलेल्या २० टक्क्यांतले पदार्थ थोड्या पाण्यात मळायचे, मिलीमीटरभर भोकांच्या चाळणीतून सोऱ्यासारखे दाबून काढायचे, तुकडे पडले की गरम हवेवर वाळवायचे. इथे हात ओळखीचा असेल तर अडचणीही ओळखीच्या. पीठ सैल झालं तर शेव एकमेकींना चिकटते. घट्ट झालं तर यंत्र तापतं, दाणा ठोसर निघतो, आणि त्यातली बारीक छिद्रं बुजतात. ती छिद्रं बुजली की दाणा मेला. पुढे कळेल का ते.

दुसरी रीत संक्रांतीच्या हलव्याची. कढईत तीळ हलते ठेवून थेंबथेंब पाक घालत जातो आणि एकावर एक थर चढून काटेरी दाणा होतो, तसंच फिरत्या थाळीत भुकटीवर पाण्याचा फवारा मारत दाणा वाढवायचा. तिसरी रीत आता गंधकासाठी फार चालते, तिला मात्र घरातली उपमा पुरत नाही. कोरडं गंधक दळणं हे आगीशी खेळणं आहे. हवेत उडालेली गंधकाची पूड बारीकशा ठिणगीनेही भडकते. त्यामुळे ते पाण्यातच दळतात, छोट्या छोट्या मण्यांच्या गिरणीत. घट्ट ताकासारखा रगडा होतो. तो उंच मनोऱ्यात गरम हवेत उडवला की थेंब हवेतच सुकतो, आणि खाली पडतो तो दाणा. किंवा खालून येणाऱ्या गरम झोतावर भट्टीतल्या लाह्यांसारखे दाणे नाचवत त्यांच्यावर रगडा फवारत राहतात.

म्हणजे पाण्यात दळायचं, खर्च करून ते सगळं पाणी उडवायचं, आणि शेतकऱ्याने बांधावर परत पाणी घालायचं. हा उपद्व्याप कशाला, ओला रगडाच बाटलीत भरून विका की! तेही करतात. पण मग बाटलीबरोबर पाण्याचंही भाडं भरावं लागतं, आणि वर्षभर फळीवर उभी राहिलेली बाटली तळाशी घट्ट गाळ धरण्याचा धोका राहतो. पाणी वाहून नेण्याचा खर्च काय असतो हे शहापूर तालुक्याला सांगायची गरज नाही. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा, सगळी धरणं इथे. नळ मुंबईला जातात आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर येतो.

आता पेल्यातल्या त्या अर्ध्या मिनिटाकडे परत जाऊ, कारण सगळं नाट्य तिथे आहे.

दाण्याचं अंग सच्छिद्र असतं. भिजवणाऱ्याने दार उघडलं की पाणी त्या छिद्रांतून आत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. कुणी ढकलावं लागत नाही. छिद्रं बुजलेला ठोसर दाणा इथेच नापास होतो. तो बाहेरून विटेसारखा हळूहळू झिजत बसतो. आत शिरलेल्या पाण्याला तिथे मीठं भेटतात. साखरेच्या जातीचे किंवा अमोनियम सल्फेटसारखे विरघळणारे पदार्थ कणांच्या मधेमधे पेरलेले असतात. ते विरले की भिंतीतला गाराच निघून जातो. काही दाण्यांत फुगणारा पदार्थही असतो, भिजल्या साबुदाण्यासारखा, तो आतून धक्का देतो. कोंडलेली हवा बाहेर पडायला बघते, तीही धक्का देते. दाणा आतून उलगडत जातो. धुराची शेपटी दिसली ती ही.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते यापुढच्या गोष्टीचं. दोन मायक्रॉनचे कण सुटे तर झाले, आता ते सुटे राहतात कसे? इतक्या बारीक कणांना एकमेकांची ओढ असते. जवळ आले की चिकटणार, चिकटले की जाड होणार, जाड झाले की स्टोक्सच्या हिशेबाने तळाला जाणार. शिवाय वाळवताना तर ते अंगाला अंग लावूनच होते. पापड लाटताना मधे पीठ भुरभुरलं नाही तर चळत एकजीव होते. तसं इथे प्रत्येक कणाभोवती आधीच एक अस्तर चढवलेलं असतं.

त्या अस्तराचं नाव कळलं तेव्हा दाण्याच्या रंगाचं कोडं सुटलं. गंधक तर पिवळं, मग दाणा बदामी का? कारण ते अस्तर झाडाचं आहे. लाकडात तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. कागदाचा लगदा करताना तो वेगळा काढतात, आणि त्याला गंधकाच्याच एका रसायनाची जोड मिळून लिग्नोसल्फोनेट तयार होतं. तपकिरी, पाण्यात विरणारं, एकेकाळी नदीत सोडून दिलं जाणारं. त्याचा लांब रेणू कणाला एका अंगाने चिकटतो, आणि दुसऱ्या अंगावर ऋण विद्युतभार मिरवतो. प्रत्येक कणावर तोच भार. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. पेल्यातले सगळे कण एकमेकांपासून चार हात राखून उभे असतात ते या धाकाने. हेच लिग्नोसल्फोनेट आणि त्याची नॅप्थालीनपासून केलेली भावंडं काँक्रीटमध्येही घालतात, म्हणजे सिमेंटचे कण गठ्ठ्याने न राहता सुटतात आणि कमी पाण्यात माल वाहता होतो. कापड रंगवण्याच्या रंगांतही तीच. लाकडातला तंतू तंतूला धरून ठेवणारा पदार्थ, त्याच्याकडून कणाला कणापासून दूर ठेवण्याचं काम करून घेतलं जातं, यात काहीतरी मिश्कील आहे खरं.

ओढ आणि धाक यांचा हा झगडा १९४० च्या दशकात गणितात बसला. रशियात देरियागिन आणि लांदाऊ, हॉलंडमध्ये फरवे आणि ओव्हरबेक, महायुद्धामुळे एकमेकांपासून तुटलेल्या दोन जोड्यांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर काढलं. ते समजायला गणित लागत नाही, काळू नदी पुरते. पावसाळ्यात मुरबाडच्या डोंगरांवरून येणारी काळू लाल-तांबूस गढूळ असते. भातसा तिला मिळते, ती उल्हासला मिळते, आणि एवढ्या वाटेत गढूळपणा काही खाली बसत नाही, कारण मातीच्या बारीक कणांवरही ऋण भार असतो. खाडीचं खारं पाणी लागलं की मात्र मिठाचे आयन त्या भाराभोवती गर्दी करतात, धाक संपतो, कण कणाला चिकटतो आणि चिखल बसायला लागतो. खाडीकाठच्या खाजणांचा तो मऊ चिखल असाच साचत आलाय. पावसाळ्यात घरच्या हंड्यात तुरटी फिरवायचे तीही याचीच युक्ती. भातसाचं पाणी पांजरापूरच्या केंद्रात मुंबईसाठी शुद्ध होतं तेव्हा तिथेही आधी तेच करतात. तुरटीसारखी अ‍ॅल्युमिनियमची रसायनं घालून कणांना एकत्र आणतात आणि खाली बसवतात. भातसाच्या पाण्याच्या एका टोकाला गाळ बसावा म्हणून खटपट, दुसऱ्या टोकाला काकांच्या पंपात तो बसू नये म्हणून.

मीठ आलं की धाक संपतो. मग बोअरचं पाणी?

हा प्रयोग मी मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे एका ओळखीच्या दादांकडे केला. त्यांची बोअर अशी की साबणाला फेस येत नाही, आंघोळीनंतर अंग चिकट. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि हे आयन मिठाच्या सोडियमपेक्षा कितीतरी जोरकस. दोन कापलेल्या बाटल्या, दोन्हीत बोअरचं पाणी. एकीत काकांच्या पुडीतले दाणे. दुसरीत दादांकडे आदल्या वर्षीपासून पडलेल्या एका स्वस्त पुडीतले. त्या पुडीने त्यांचं नोझल तीनदा चोंदलं होतं, तोंडाने फुंकर मारून ते साफ करायचा मोह आवरावा लागला होता. पहिल्या बाटलीत धुराची शेपटी तशीच निघाली. दुसरीतले दाणे भिजले, फुगले, ढवळल्यावर फुटलेही. दोन्ही बाटल्या सारख्याच पांढऱ्या. "काय फरक नाय," दादा म्हणाले. आम्ही चहा घेऊन आलो. अर्ध्या तासाने पहिली तशीच पांढरी होती. दुसरीत वर बोटभर निवळ आणि खाली दह्यासारखा फुललेला साका. ढवळलं की मिसळे, सोडलं की बसे.

गंधक दोन्हीत तेच, टक्केही तेच. फरक उरलेल्या वीसांत होता.

आम्ही केलं तेच प्रयोगशाळेत नीटसपणे करतात. सीपॅक ही कीटकनाशकांच्या तपासणीच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, १९५७ पासूनची. तिने कठीण पाणीसुद्धा ठरवून दिलंय: लिटरला ३४२ मिलिग्रॅम कठीणपणा, त्यात कॅल्शियम चार भाग तर मॅग्नेशियम एक. म्हणजे जगात कुठेही तपासा, दादांच्या बोअरसारखंच पाणी. २५० मिलिलिटरच्या उंच नळकांड्यात दाणे घालून ते तीस वेळा उलटंसुलटं करायचं, अर्धा तास हात लावायचा नाही, मग वरचं नऊ-दशांश पाणी हळूच ओढून घ्यायचं आणि तळाच्या २५ मिलिलिटरमध्ये किती औषध साचलं ते मोजायचं. अर्ध्या तासानंतर निदान ६० टक्के औषध अधांतरी हवं, असा सर्वसाधारण दंडक. चांगले दाणे त्याच्या बरेच पुढे असतात. ओली चाळणी वेगळी: ७५ मायक्रॉनच्या जाळीवर शेकडा दोनपेक्षा जास्त राहता कामा नये. आणि पुडी ५४ अंश तापमानात चौदा दिवस कोंडून ठेवायची, मग हे सगळं पुन्हा. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पुडीची काय गत होते त्याची ही घाईची रंगीत तालीम. आपल्याकडे गुरुग्रामला १९९१ पासून कीटकनाशकांच्या केवळ या 'घडणी'वर काम करणारी एक सरकारी संस्था आहे, आयपीएफटी. औषध शोधणाऱ्याचं नाव होतं; ते पाण्यात नीट पसरवणाऱ्याचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात मी तरी वाचलेलं नाही.

भाताच्या शेतकऱ्याला दाणेदार औषध म्हणजे वेगळंच काही वाटतं, हे इथे सांगायला हवं, कारण घोटाळा होतो. खोडकिड्यासाठी खाचरात फोकायचे दाणे जुने. वाळूच्या किंवा मातीच्या कणावर औषध चढवलेलं, त्यात औषध शेकडा तीन-चार, फार तर दहा. ते हाताने फेकायचे, चिखलात पडून त्यांनी सावकाश औषध सोडायचं. फोरेटचे १० टक्क्यांचे दाणे त्यातलेच. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. त्या दाण्याला फुटायची घाई नसते, उलट तो जितका रेंगाळेल तितका चांगला. नाव एक, धर्म उलटा. दुकानात नुसतं 'दाणेदार द्या' म्हटलं तर कोणता हातात पडेल सांगता येत नाही.

आणि दाण्याचा शत्रू? पाऊस. पावसाचं पाणी नव्हे, पावसाळी हवा. पाण्याला इतक्या उत्सुकतेने दार उघडणारी वस्तू हवेतल्या ओलीलाही दार उघडते. जूननंतर शहापुरात पापड सादळतात, मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही. तोंड उघडं राहिलेल्या पुडीतले दाणे हळूहळू ओल पितात, मधलं मीठ अर्धवट विरतं, ऊन पडलं की पुन्हा सुकतं, आणि यावेळी ते कणाकणांत पूल बांधून सुकतं. दिवाळीला पुडी उघडावी तर आत ढेकूळ. दादांच्या पुडीचं हेही झालं असेल, सगळा दोष बनवणाऱ्याच्या माथी मारायला मी तयार नाही. काकांनी मात्र पुडीची घडी घालून कपड्याचा चिमटा लावला होता, आणि ती पत्र्याच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी माळ्यावर.

काकांचा पंप भरण्याची पद्धतही बघण्यासारखी. बादलीत थोडं पाणी, त्यात दाणे, काटकीने ढवळून पातळ लगदा. मग तो जाळीतून पंपात, वरून पाणी. दुसरं एखादं तेलकट औषध घालायचं असलंच तर ते दाणे पूर्ण पसरल्यानंतर. आधी तेल गेलं तर दाण्याच्या अंगाला तेल बसतं आणि पाण्याची वाट अडते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा उलटं केलं, लोण्यासारखा गोळा जाळीवर आला, तेव्हापासून कळलं.

शेवटचा पंप मारून झाला तेव्हा ऊन वर आलं होतं. भेंडीच्या लवदार पानांवर थेंब सुकून बारीक फिकट ठिपके उरले होते, पहिल्या सरीत जेवढे तेवढेच शेवटच्या. काकांनी पंप खळबळून विसळला, ते पाणी त्याच पिकावर मारलं, झाकण उघडून तळ मला दाखवला. स्वच्छ. फक्त कोपऱ्यात एक दाणा.

"हा बघा एक राहिला," मी जरा खुशीतच म्हणालो. सात कोटींचा एक चुकार गठ्ठा मला सापडला होता.

काकांनी हातमोज्याच्या बोटाने तो उचलला, चिमटीत दाबला, पुन्हा दाबला आणि बांधापलीकडे उडवून दिला. कालव्यातून आलेला वाळूचा खडा होता.